मानवी भूगोल वर्गात कसा शिकवायचा: आजीच्या माहेरापासून ब्राझीलपर्यंत

दहावीच्या पुस्तकातला लोकसंख्येचा धडा उघडला की वर्गावर एक ठराविक झोप उतरते, आणि तास मधल्या सुट्टीनंतरचा असेल तर विचारूच नका. प्राकृतिक भूगोलात निदान ज्वालामुखी असतो, नदीचं वळण फळ्यावर काढता येतं. इथे नुसते आकडे, टक्के आणि "भौगोलिक कारणे लिहा". मी पहिली काही वर्षं हे धडे वाचून दाखवत, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करायला लावत उरकले. मार्क पडायचे मुलांना, नाही असं नाही, पण घनता म्हणजे काय विचारलं की "गर्दी" आणि स्थलांतर म्हणजे काय विचारलं की पाठ केलेली व्याख्या, आणि त्याच वर्गातली चार मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. म्हणजे धडा रिकाम्या बाकांवर बसलेला आणि आम्ही तो पुस्तकात शोधतोय.

मग मी क्रम उलटा केला. आधी मुलांच्या घरातली माहिती, मग तिचा तक्ता, मग नकाशा, आणि पुस्तकातला शब्द सगळ्यात शेवटी. दोनच प्रश्न सारखे विचारायचे: कुठे? आणि तिथेच का? आठवी ते दहावीला हे चालतं, बारावीला तर अजून छान चालतं कारण तिथे अख्खं पुस्तकच मानवी भूगोलाचं आहे. खाली जे सांगतेय ते सगळंच्या सगळं एका वर्षात होत नाही, मलाही कधी जमलं नाही. दोन-तीन निवडा.

पहिलं काम: माहेरचा नकाशा

हे एकच केलंत तरी चालेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शनिवारी घरी जाताना प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, तीन प्रश्नांची. आजीचं माहेर कुठलं गाव? आईचं माहेर कुठलं गाव? घरातलं कोणी कामासाठी दुसऱ्या गावी राहतं का, असेल तर कुठे? चिठ्ठीवर मुलाचं नाव लिहायचं नाही, हे आधीच ठरवा. सगळ्यांच्या घरी आई असतेच असं नाही, काही मुलं मामाकडे राहतात, काहींच्या घरात असे विषय आहेत जे वर्गात यायला नकोत, त्यामुळे "आई किंवा घरातली कोणतीही मोठी बाई" असं लिहा. चिठ्ठ्या डब्यात गोळा करायच्या, वाचून दाखवायच्या नाहीत. आणि जात, उत्पन्न, जमीन किती, कर्ज किती हे असलं काही चुकूनही विचारू नका, ते आपल्याला लागतही नाही.

सोमवारी जिल्ह्याचा मोठा नकाशा ड्रॉइंग शीटवर काढून घ्यायचा, शेजारच्या जिल्ह्यांच्या कडा पण दिसल्या पाहिजेत कारण बरीच माहेरं हद्दीपलीकडे असतात. नकाशावरचं प्रमाण वाचून कंपासने आपल्या गावाभोवती १०, २५ आणि ५० किलोमीटरची वर्तुळं काढायला लावा. इथे बरीच मुलं अडकतात, एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर असेल तर पंचवीसला किती हे गणिताच्या तासाला येतं पण भूगोलाच्या तासाला येत नाही, का ते मला आजवर कळलेलं नाही. घाई करू नका, नकाशाचं प्रमाण हा धडा इथेच होऊन जातो, वेगळा घ्यावा लागत नाही.

मग आजीची माहेरं लाल टिंबांनी, आईची निळ्या टिंबांनी. आमच्याकडे दरवर्षी जवळपास एकच चित्र दिसतं: लाल टिंबं गावाभोवती दाटीने बसतात, बैलगाडीने सकाळी निघून संध्याकाळी पोचता येईल एवढ्या टप्प्यात, आणि निळी टिंबं एसटीच्या रस्त्यांना धरून लांब पसरतात. हे मुलांनीच ओळखलं पाहिजे, आपण सांगायचं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं शांतता असते, मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, निळे सगळे हायवेवर आहेत." तो तास वसूल.

यानंतर फळ्यावर लिहा: स्थलांतर. आणि विचारा, लग्न करून या गावात आलेल्या तुमच्या आया स्थलांतरित आहेत की नाहीत? वर्ग दोन गटात फुटतो. मुलांच्या डोक्यात स्थलांतर म्हणजे मुंबईला किंवा दुबईला जाणं, नांदायला येणं नव्हे. भांडू द्या पाच मिनिटं. मग सांगा की भारताच्या जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच आहे, आणि पुरुषांच्या बाबतीत रोजगार. रॅव्हेनस्टाइन नावाच्या माणसाने १८८५ मध्ये ब्रिटनची जनगणना चाळून स्थलांतराचे नियम मांडले होते, त्यात एक असा की बहुतेक माणसं जवळच्याच ठिकाणी जातात, आणि दुसरा असा की थोड्या अंतराच्या स्थलांतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात. बारावीच्या मुलांना हे नाव सांगा, नववीला नाही सांगितलं तरी चालतं, त्यांनी नियम स्वतःच काढलेला असतो.

चिठ्ठीतल्या तिसऱ्या प्रश्नातून पुढे

कामासाठी बाहेर कोण, या प्रश्नाची उत्तरं वेगळ्या शीटवर घ्या, बाणांनी. गावानुसार चित्र पार बदलतं. कोकणातल्या शाळेत सगळे बाण मुंबई-ठाण्याकडे, पश्चिम महाराष्ट्रात पुणे, चाकण, सैन्यातली पोस्टिंगं, आणि आमच्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात पाथर्डी-शेवगाव, बीड भागातून साखर कारखान्यांकडे, काही थेट कर्नाटकात. ऊसतोडीची भाषा मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटाच असेल तर अर्धा कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. हे शब्द फळ्यावर लिहा. पुस्तकात "हंगामी स्थलांतर" एवढंच असतं, पण कोयता हा शब्द लिहिला की त्या मुलांना पहिल्यांदा वाटतं की आपल्या घरचं काहीतरी फळ्यावर आलं.

सावध राहा मात्र. ज्याचे आईवडील गेलेत त्याला उभं करून "तू सांग रे" असं करायचं नाही. मी एकदा केलं होतं, चांगल्या हेतूनेच, आणि तो पोरगा नंतर आठवडाभर माझ्या तासाला खाली मान घालून बसला. आता मी सगळ्या वर्गालाच विचारते, ज्याला सांगायचंय तो सांगतो. मोठ्या मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा, जनगणनेच्या स्थलांतराच्या तक्त्यात हे सहा महिन्यांचं जाणं-येणं नीट पकडलंच जात नाही. आकड्यात नसलेली माणसं पण भूगोलात असतात, हे कळायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

आता लिंग गुणोत्तर. हा शब्द सुरुवातीला फळ्यावर लिहूच नका. फक्त २०११ चे आकडे लिहा, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: रत्नागिरी ११२२, सिंधुदुर्ग १०३६, महाराष्ट्र ९२९, मुंबई उपनगर ८६०, मुंबई शहर ८३२. विचारा, रत्नागिरीत बायका जास्त का? पहिलं उत्तर येतं "तिथे मुली जास्त जन्मतात". लगेच चूक म्हणू नका, तपासायला लावा. शून्य ते सहा वयोगटाचे आकडे द्या, त्यात रत्नागिरीतसुद्धा मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. मग जन्मताना कमी आणि मोठेपणी जास्त, हे कसं? इथे वर्गात कुणाचा तरी दिवा पेटतोच: पुरुष मुंबईला गेले! चाकरमानी. पूर्वी गिरण्यांमध्ये, १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तरी मुंबईला जाणं थांबलं नाही, काम बदललं. एकाच दगडात रत्नागिरीचा ११२२ आणि मुंबईचा ८३२, दोन्हींचा उलगडा होतो, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये चक्क कमी झाली हेही. (मुंबई शहराचीही कमी झाली, त्याचं कारण वेगळं, माणसं उपनगरात आणि ठाण्याकडे सरकली. हा प्रश्न हुशार पोरांना घरी न्यायला द्या.)

बीडचा शून्य ते सहाचा आकडा ८०७ होता. तोही सांगा, पण तिथे कारण स्थलांतर नाही, गर्भलिंग निदान आहे, आणि ते सांगताना हसण्यावारी नेऊ नका. वर्गात मुली बसलेल्या असतात.

घनता: भागाकार करू द्या, आणि चुकू द्या

घनतेची व्याख्या न सांगता आधी वर्गाचीच काढा. वर्ग किती चौरस मीटर, मुलं किती. मग सगळ्यांना पुढच्या अर्ध्या भागात गोळा करा आणि परत विचारा, घनता बदलली का? वर्गाची नाही बदलली, पण वितरण बदललं. घनता आणि वितरण यातला फरक मी आधी तीन तास बोलून समजवत होते, हे दहा मिनिटांत होतं. गोंधळ होतो, शेजारच्या वर्गावरचे सर येऊन बघतात, चालायचंच.

मग गडचिरोली ७४ आणि मुंबई उपनगर सुमारे २१ हजार माणसं प्रति चौरस किमी, २०११ प्रमाणे. का? जंगल, चढउतार, रस्ते, रोजगार, सगळं मुलंच सांगतात.

महाराष्ट्राचा भागाकार करायला लावा: ११.२४ कोटी भागिले ३.०८ लाख चौकिमी, उत्तर ३६५, पुस्तकाशी जुळतं, मुलं खुश. मग भारताचा द्या: १२१ कोटी भागिले ३२.८७ लाख. उत्तर येतं ३६८ आणि पुस्तकात असतं ३८२. आता वर्ग म्हणतो पुस्तक चुकलं किंवा मॅडम चुकल्या. दोघंही नाही. जनगणनेत घनता काढताना जम्मू-काश्मीरमधला जो भाग पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यात आहे तिथली मोजणी होत नाही, म्हणून ते क्षेत्रफळ भागाकारातून वगळलेलं असतं. आकडा आला की "कशाला कशाने भागलं?" हे विचारायची सवय मुलांना या एका उदाहरणाने लागते.

असाच अजून एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलेय. क्षेत्रघनी नकाशा (आकड्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला फिकी-गडद छटा देतात तो) रंगवायला तुम्ही महाराष्ट्राचा कोरा नकाशा आणता, त्यात ३६ जिल्हे. जनगणनेचा तक्ता २०११ चा, त्यात ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ चा ठाण्याचा १ कोटी १० लाखांचा आकडा आजच्या ठाणे आणि पालघर दोन्हींचा मिळून आहे. हे आधी नाही सांगितलं तर पालघर पांढराच राहतो आणि मुलं तिथे शून्य लिहितात. शिवाय तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असेल आणि नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. जुन्या-नव्या नावांची जोडी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

रंगांचं एक सांगते, मुलं लाल, निळा, पिवळा, हिरवा असे हातात येतील ते रंग भरतात. क्षेत्रघनीत एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा पाहिजेत. हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी दोन नकाशे रंगपंचमीसारखे येतातच.

गावात एक फेरी

पुस्तकात क्षेत्रभेटीचा धडा आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो कागदावरच होतो, सहल म्हणून देवदर्शन करून येतात. मला वाटतं वस्तीचा धडा शिकवायला बस लागतच नाही. एक जोड तास, मुख्याध्यापकांची परवानगी, सोबत दुसरे एक शिक्षक, एवढंच.

गावठाणातून सुरुवात करा. जुनी घरं चिकटून का आहेत, वेस कुठे होती, मारुतीचं देऊळ कुठे, पाण्याची जुनी विहीर किंवा आड कुठे, कोणत्या आळीत कोण राहायचं. हा शेवटचा प्रश्न नाजूक आहे, बलुतेदारी आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा इतिहास त्यात येतो. टाळू नका, पण रस्त्यात उभं राहून कुणाच्या दारासमोर बोलू नका, वर्गात परत आल्यावर नीट बोला.

मग गावठाणाच्या बाहेर या. पाण्याची सोय झालेल्या गावांमध्ये कितीतरी कुटुंबं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेलीत. केंद्रित वस्ती विखुरलेली कशी होत जाते ते डोळ्यासमोर दिसतं, कारण विहीर, मोटर, दुभती जनावरं आणि भावाभावातल्या वाटण्या. आणि हायवे गेला असेल तर तिसरा प्रकार, रेषाकृती: टपरी, पंक्चरवाला, हॉटेल, कृषी केंद्र, सगळे रस्त्याला तोंड करून. तीन प्रकार, दीड किलोमीटरमध्ये. कोकणातल्या शाळांना उलटं शिकवायला मिळतं, तिथे मुळातच वाड्या लांब लांब, प्रश्न असा विचारायचा की देशावर माणसं एकत्र का राहिली.

परत आल्यावर सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा उघडा, त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. तांबडी वस्ती, पिवळी शेती, हिरवं जंगल, निळं पाणी, तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या). आपलं गाव शोधायला लावा. मग भुवन (इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ) किंवा गुगल अर्थवर आजचं चित्र. आधीच्या नकाशात जिथे पिवळं होतं तिथे आता प्लॉटिंग दिसलं की मुलं ओरडतात. प्रोजेक्टर नसेल, आमच्याकडे अर्धं वर्ष बंदच असतो, तर मोबाईलवरचे स्क्रीनशॉट झेरॉक्स करून आणा, काम भागतं.

जाता जाता गावांची नावं. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं, दोन्ही फारसीतून आलेले शब्द, आणि मुलं जन्मभर ते शब्द एसटीच्या पाटीवर वाचत असतात पण अर्थ माहीत नसतो. वडगाव, पिंपळगाव, चिंचोली झाडांवरून. तालुक्याची गावांची यादी द्या आणि गट पाडायला लावा, ऑफ तासाला फुकटचं काम.

आठवडे बाजार

व्यवसायांचा धडा बाजारातच शिकवावा असं माझं ठाम मत आहे. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाने पाच विक्रेत्यांना विचारायचं: कुठून आलात, काय आणलं, उद्या कुठल्या बाजारात? तिसरा प्रश्न सगळ्यात भारी. उत्तरं वारांप्रमाणे मांडली की भोवतालच्या बाजारगावांचं जाळं उभं राहतं, सोमवार इथला, मंगळवार तिथला, शेजारशेजारच्या गावांचे वार सहसा एक नसतात. का? कारण माणूस तोच, टोपली तीच. मग भाजी कुठून आली बघा, पालेभाजी जवळून, कांदा-बटाटा लांबून, कपडे आणि प्लास्टिक तर अजून लांबून. क्रिस्टालरने १९३३ मध्ये केंद्रस्थान सिद्धांत मांडला, म्हणजे भोवतालच्या गावांना माल आणि सेवा पुरवणारी बाजारगावं कशी पसरलेली असतात ते सांगितलं, फॉन थ्यूनेनने १८२६ मध्ये बाजाराभोवतीच्या शेतीची वर्तुळं सांगितली, नाशवंत माल शहराजवळ. बारावीला ही नावं जोडा. थ्यूनेनच्या काळात ट्रक नव्हता, मग आज त्याची वर्तुळं कुठे मोडली, हे विचारा. विक्रेत्यांशी बोलताना मुलांनी काका-मावशी म्हणावं, धंद्याच्या गर्दीत अडवू नये, आणि कमाई विचारू नये, एवढं आधी बजावा.

लोकसंख्या मनोऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. वर्गातल्या सगळ्या घरांतली माणसं वयोगटाप्रमाणे मोजून आलेख कागदावर काढा, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. तुमचा मनोरा १० ते १९ वयाला फुगीर येणार, कारण दहावीच्या मुलांच्या घरात दहावीच्या वयाचं पोर असणारच! नमुना चुकीचा निवडला की काय होतं ते शिकवायला हे बेस्ट आहे. मग भारताचा खरा मनोरा शेजारी लावा.

मग ब्राझील

दहावीच्या पुस्तकात भारताशी तुलना करायला ब्राझील आहे, आणि एवढं झाल्यावर तो जड जात नाही. ब्राझीलची २०२२ ची लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी, आपल्या एकट्या उत्तर प्रदेशची २०११ ची जवळपास २० कोटी, आणि ब्राझीलचं क्षेत्रफळ भारताच्या अडीच पटीहून जास्त. हे नकाशावर दाखवलं की घनतेतला फरक तोंडपाठ करावा लागत नाही. मुलांना विचारा, माणसं ॲमेझॉनमध्ये का नाहीत आणि आग्नेय किनाऱ्याकडेच का गोळा झालीत, गडचिरोली-मुंबईची तुलना त्यांना आपोआप आठवते. राजधानी १९६० मध्ये किनाऱ्यावरच्या रिओवरून आत ब्राझीलियाला नेली ती याच कारणासाठी, आतला भाग वसावा म्हणून.

नागरीकरणाचे आकडे देताना एक टीप. २०१० ला ब्राझील सुमारे ८४ टक्के, २०११ ला भारत ३१ टक्के. पण मोजपट्टी एक नाही. आपल्याकडे नगरपालिका वगैरे नसलेलं गाव शहर ठरायला लोकसंख्या किमान ५०००, घनता दर चौकिमी ४००, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेती असावे लागतात. ब्राझीलमध्ये स्थानिक प्रशासनाने नागरी म्हणून आखलेला भाग तो नागरी. आपल्या गावाला हे तीन निकष लावून बघा, मुलांना मजा येते, विशेषतः ७५ टक्क्यांवर वाद होतो.

आणि मार्क?

पालकसभेत हा प्रश्न येतोच, आणि येऊ द्या, चाळीस मार्कांचा पेपर खरा आहे. भौगोलिक कारणांच्या उत्तरात मुलं चार मुद्दे सुटे लिहितात. मी "म्हणून"ची साखळी लिहायला लावते: पाऊस कमी, म्हणून एकच पीक, म्हणून दिवाळीनंतर काम नाही, म्हणून ऊसतोडीला. तीन "म्हणून" आले की उत्तर पूर्ण. आलेख वाचनाला आधी अक्षांवर काय आहे ते लिहायचं, मग सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान, मग विचित्र काय दिसतंय. नकाशाला शीर्षक, सूची, दिशा, विसरलं तर परत काढ. पुस्तकातली व्याख्या पाठ करायला मी सांगतेच, फक्त शेवटी सांगते.

वेळेचं गणित असं: माहेरचा नकाशा तीन तास, घनता दोन, फेरी एक जोड तास आणि नंतरचा एक. बाजार शाळेच्या वेळेत बसत नाही, १४ जानेवारीच्या भूगोल दिनाच्या निमित्ताने जोडून घ्या. गावाचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय मिळतात, ती ऑनलाइन आहे. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनही बघा, पिकांचं क्षेत्र त्यात सापडतं.

शीट्स फेकू नका. माहेरच्या नकाशावर पुढच्या बॅचने वेगळ्या रंगाने टिंबं द्यायची, तीन वर्षांत तो नकाशा पुस्तकातल्या कुठल्याही नकाशापेक्षा भारी होतो. आणि वर्गाचे तक्ते तर नक्की ठेवा, २०२१ ची जनगणना लांबली ती आता २०२७ ला होतेय, प्रगणक म्हणून दारोदार आपल्यालाच फिरायचंय, तेव्हा वर्गातल्या मुलांनी आधीच विचारून ठेवलेलं असेल की मॅडम, ऊसतोडीला गेलेल्यांना तुम्ही कुठल्या गावात धरणार?